हरलेल्या टीमसमोर 'वी आर द चॅम्पियन्स' लावायचं तर पहिल्यापासून लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की कुठलीही फायनल संपली रे संपली की लगेच क्वीन बँडचं 'वी आर द चॅम्पियन्स' लावतात, ते गाणं माजोरडं आहे, हरलेल्या टीमच्या जखमेवर मीठ चोळणारं आहे, तर ते बंदच करून टाका. त्या पत्रावरून आमच्या कट्ट्यावर जो वाद पेटलाय तो अजून चालूच आहे आणि रोज रात्री जेवणं झाली की पुन्हा तिथूनच सुरू होतो, म्हणून म्हटलं आपणही लिहावं. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवर बोलायला निमित्त लागत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, वर्ल्डकप आला की आमच्या पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे मोठमोठे कटआउट लागतात, आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमा भिडल्या की कामधंदा सोडून माणसं गॅलरीत असतात. त्यामुळे हे गाणं आमच्या कानावर लहानपणापासून आहे, इंग्रजी येवो न येवो.

कट्ट्यावर तीन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते पत्रलेखकाचं बरोबर आहे, गाण्यात सरळसरळ म्हटलंय की हरणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेळ नाही, ह्यापेक्षा आणखी काय पाहिजे. दुसऱ्या पार्टीत आमचा गिटार वाजवणारा पोरगा आहे, त्याचं म्हणणं की हे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी ह्यानं स्वतःच्या आयुष्यावर लिहिलंय, फुटबॉलचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही, तुम्ही लोकांनी ते स्टेडियममध्ये ओढून नेलं. आणि तिसरे म्हणतात की अरे मैदानावर शब्द ऐकतंय कोण, सूर चढला की अंगावर काटा येतो, बास झालं. मला तिन्ही पटत नाहीत, म्हणजे प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे पण पूर्ण गाणं कुणी ऐकलेलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी फुटबॉलचा संबंध. १९७७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड गावात बिंगली हॉलला क्वीनचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि गर्दीनं घरी जायचं सोडून आपणहून एक गाणं म्हणायला सुरुवात केली, 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. हे क्वीनचं गाणं नव्हे, लिव्हरपूल क्लबचे फॅन अ‍ॅनफिल्डच्या स्टँडमध्ये उभे राहून म्हणतात ते. ब्रायन मे, म्हणजे क्वीनचा गिटारवाला, त्यानं नंतर अनेकदा सांगितलंय की ते ऐकून आम्ही हललोच, आणि मग डोक्यात आलं की लोक नुसते ऐकायला येत नाहीत, त्यांना गायचंय, तर त्यांच्यासाठी काहीतरी लिहू. त्यातनं मे नं 'वी विल रॉक यू' लिहिलं आणि फ्रेडीनं 'वी आर द चॅम्पियन्स'. ऑक्टोबर १९७७ मध्ये दोन्ही एकाच रेकॉर्डवर आली, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. फ्रेडी स्वतः म्हणालाय की हे लिहिताना माझ्या डोक्यात फुटबॉल होता, फॅन लोकांना पकडून गाता येईल असं काहीतरी मला हवं होतं. म्हणजे आमच्या गिटारवाल्या पोराचा मुद्दा अर्धा तिथंच संपला.

आणि ते लिव्हरपूलचं गाणं तरी मूळ मैदानावरचं कुठंय? १९४५ साली अमेरिकेत ब्रॉडवेवर 'कॅरोसेल' नावाचं संगीत नाटक आलं, त्यातलं पद आहे ते. नाटकात नायिकेचा नवरा मेलेला असतो आणि तिला धीर द्यायला ते म्हणतात. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स ह्या बँडनं ते गायलं, इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि तिथनं स्टँडमध्ये शिरलं ते कायमचं. आपल्याकडे नाट्यपद नाटक सोडून मैफिलीत गेलं आणि तिथलंच झालं, तसंच हे. आज तिथं नव्वद टक्के लोकांना नाटक माहिती नसेल पण गाण्यातलं दुःख बरोबर माहिती आहे, १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यात ९७ माणसं गेली, त्यानंतर तर ते गाणं त्या गावाचं सांत्वनच झालं. म्हणून सांगतो, जी दोन गाणी आज जगभर जिंकल्यावर वाजतात त्यांचा उगम अशा गाण्याच्या आवाजात आहे जे हरलेल्या, कोलमडलेल्या माणसाला म्हटलेलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता शब्दांकडे या. 'वी विल रॉक यू' सगळ्यांना येतं, दोन वेळा पाय आपटायचे, एक टाळी. ड्रम नाहीत त्यात, बेस नाही, शेवटची गिटार सोडली तर नुसते पाय आणि टाळ्या. लंडनच्या हायबरी भागात वेसेक्स नावाचा स्टुडिओ होता, जुन्या चर्चच्या इमारतीत, तिथं लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते रेकॉर्ड केलं, पुन्हा पुन्हा, आणि मे हा फिजिक्सचा माणूस असल्यामुळे त्यानं आवाजांमधलं अंतर असं बसवलं की ऐकताना प्रतिध्वनी वाटू नये, मोठी गर्दीच पाय आपटतेय असं वाटावं. हे सगळं लोक कौतुकानं सांगतात पण कडव्यांबद्दल कुणीच बोलत नाही. तीन कडवी आहेत. पहिल्यात रस्त्यावर खेळणारं पोरगं आहे, तोंडाला चिखल, लाथेनं डबा उडवत चाललंय, मोठा माणूस होणार म्हणतंय. दुसऱ्यात तरणाबांड, रस्त्यात ओरडतोय, हातात झेंडा, तोंडावर रक्त. तिसऱ्यात म्हातारा, गरीब, नुसता डोळ्यांनी विनवतोय की कधीतरी शांतता मिळू दे, आणि तोंडाला पुन्हा चिखलच. एका माणसाचं अख्खं आयुष्य आहे ते, आणि तो कुठंही जिंकत नाही! आपण मैदानावर धृपद तेवढं धमकी दिल्यासारखं ओरडतो आणि तो म्हातारा तसाच राहतो.

तिसऱ्या पार्टीला माझं हेच म्हणणं आहे, की शब्द कोण ऐकतंय म्हणू नका, डबा लाथाडणारं पोरगं तुमच्या-माझ्या गल्लीत रोज असतंय, ते गाण्यात आहे हे कळल्यावर तोच ठेका वेगळा वाजतो.

'चॅम्पियन्स'चं तर आणखी स्पष्ट आहे. नुसत्या पियानोवर, दबक्या आवाजात सुरू होतं, कुणी जिंकलेला माणूस अशी सुरुवात करत नाही. तो सांगतो की मी माझं देणं वेळोवेळी चुकतं केलंय, गुन्हा काही केला नाही पण शिक्षा भोगलीय, चुका केल्यात, आणि तोंडावर वाळू उडवून घेतलीय. ह्या वाळूवरून फॅन लोकांत भरपूर चर्चा आहे, पुष्कळ जण म्हणतात की अमेरिकन कॉमिक्समध्ये चार्ल्स अ‍ॅटलसच्या व्यायामाची जुनी जाहिरात यायची, त्यात समुद्रकिनाऱ्यावर एका काडीपैलवान पोराच्या तोंडावर एक आडदांड माणूस वाळू उडवतो, तो संदर्भ आहे. मला ते पटतं. म्हणजे गाणारा त्या आडदांडाच्या बाजूचा नाहीच, तो वाळू खाल्लेला पोरगा आहे.

आणि गुन्हा न करता शिक्षा, ह्यावर गिटारवाल्या पोराचं जे म्हणणं आहे त्यापुढे मात्र मी मान तुकवतो. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत दोन पुरुषांनी एकमेकांशी शरीरसंबंध ठेवणं हा कायद्यानं गुन्हा होता, आणि फ्रेडीचं पुरुषांवरही प्रेम होतं. फ्रेडी, म्हणजे आपला फारुख बलसारा, पारशी पोरगा, झांझिबारला १९४६ साली जन्मला, शिकायला पंचगणीला सेंट पीटर्समध्ये ठेवला, आठ-नऊ वर्षांचं पोर आईबापापासून समुद्रापलीकडे बोर्डिंगात, तिथं पियानो शिकला, बॉक्सिंग आणि टेबल टेनिस खेळला, शाळेतल्या पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. पुढं झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि १९६४ मध्ये सगळं कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेलं. तिथं परका, रंगानं वेगळा, दातांवरून चिडवलेला, आणि मनातलं उघड बोलायची सोय नाही. असा माणूस शिक्षेची ओळ लिहितो तेव्हा त्यात काय काय आलं असेल ते प्रत्येकानं आपापल्या परीनं वाचावं, त्यानं स्वतः ते कधी फोड करून सांगितलं नाही. पंचगणी आमच्यापासून काही फार लांब नाही, तिथल्या शाळेतलं पोर जगभरच्या मैदानांवर गायलं जातंय ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मग राहिली ती ओळ, हरणाऱ्यांसाठी वेळ नाही वाली. तिचं समर्थन मी करणार नाही, ती टोचते आणि १९७७ मध्येही टोचली होती, क्वीन म्हणजे शेफारलेले अशी टीका तेव्हा झाली. ब्रायन मे नं सुद्धा सांगितलंय की फ्रेडीनं पहिल्यांदा गाणं ऐकवलं तेव्हा मी म्हटलं, हे असं नाही करता येणार. पण त्याचंच म्हणणं असंही आहे की ह्या गाण्यातले चॅम्पियन म्हणजे आम्ही चौघं नव्हेत, समोर गाणारे सगळेच, कार्यक्रम हा फुटबॉल मॅचसारखा, फक्त सगळे एकाच बाजूला. हे लक्षात घेऊन ऐका, त्याच ओळीच्या आधी तो मित्रांनो म्हणून हाक मारतो आणि शेवटपर्यंत लढत राहू म्हणतो. ज्याचं झालंय, संपलंय, तो शेवटपर्यंत लढू कशाला म्हणेल?

शेवटाचंही एक आहे, त्यावर तर जगभर फॅन भांडतात. सगळ्यांना शंभर टक्के आठवतं की रेकॉर्डमध्ये शेवटी 'ऑफ द वर्ल्ड' म्हणून गाणं संपतं. नाही संपत! मधल्या धृपदाला ते येतं, पण अगदी शेवटी ते शब्द नाहीत, गाणं सा वर येऊन टेकत नाही, तसंच अधांतरी थांबतं. कट्ट्यावर मोबाईलवर लावून दाखवलं तेव्हा पैजा लावलेले गप्प झाले. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाईव्ह एडच्या कार्यक्रमात मात्र फ्रेडीनं शेवटी ते शब्द म्हटले, समोर सत्तर हजारांवर माणसं होती, कदाचित तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण त्या रेकॉर्डमधलं थांबणं मला जास्त आवडतं, अजून काही जिंकायचं बाकी आहे असं वाटतं.

आता मूळ मुद्दा, पत्रलेखकाचा. त्यांचा राग मला शंभर टक्के समजतो कारण मी पण ते बघितलंय. एका फायनलला टायब्रेकरवर मॅच गेली, शेवटची किक गोलकीपरच्या हाताला लागून आत गेली, पोरगं तिथंच पोस्टला टेकून बसलं, ग्लोव्हज पण काढले नव्हते, जर्सी तोंडावर ओढून घेतलेली, आणि त्याच्यामागं वीस फुटांवर स्पीकरची भिंत, त्यातनं एकदम धृपद सुटलं. टीममधला कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलत होता पण ते त्याला ऐकूसुद्धा येत नसणार. साऊंडवाल्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्याकडे गाण्याचा कापलेला तुकडाच होता, धृपदापासून पुढं. म्हणजे बघा, त्या पोराला लागू पडणारं जे कडवं होतं, चुका झाल्या, वाळू खाल्ली, तरी उभा आहे, ते कापून टाकलं आणि जे त्याला टोचेल तेवढं ठेवलं. त्या दिवशी गाणं क्रूर वाटलं, ह्यात वादच नाही. ती क्रूरता कापण्याची होती.

म्हणून गाणं बंद करा ह्याला माझा विरोध आहे. तीन मिनिटांचं गाणं आहे सगळं, पहिलं कडवं जेमतेम पाऊण मिनिटाचं. आयोजकांनी एवढंच करावं की शिट्टी झाल्या झाल्या स्पीकर सोडू नये, दोन्ही टीमा हात मिळवू द्या, हरलेल्या टीमची मेडलं आधी देऊन होऊ द्यात, त्यांच्या पोरांना टाळ्या मिळू द्यात, आणि मग गाणं लावा ते पहिल्या ओळीपासून, पियानोपासून. हायस्कूलच्या आणि मुलींच्या स्पर्धांना तर हे नक्की पाळावं, तिथं पोरं लहान असतात आणि हरलेलं फार दिवस मनात ठेवतात. आमच्या पेठेत साऊंडचं काम बघणाऱ्या पोरांना मी अख्खं गाणं पाठवून ठेवलंय आणि त्यांनी ते लावायचं कबूल केलंय. तुमच्या पेपरातून बाकीच्या स्पर्धावाल्यांपर्यंत हे पोचलं तर बरं होईल, आणि त्या पत्रलेखकांनी एकदा घरी शांतपणे दोन्ही गाणी कडव्यांसकट ऐकून पुन्हा लिहावं, मग त्यांचं मत तेच राहिलं तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर