कलावंतांच्या घरकुलाचा सर्व्हे पावसाळ्यात हवा

महोदय,

ज्येष्ठ कलावंतांचे मानधन २०२४ पासून सरसकट महिना ५ हजार रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या म्हाताऱ्या तमाशा कलावंतांचे, वहीगायकांचे (खानदेशातले लोकगायक), ढोलकीवाल्यांचे घोडे अडते ते घरापाशी.

तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेच्या आसपास परततो. नेमक्या याच कोरड्या दिवसांत घरकुलाचा सर्व्हे आला, की दाराला कुलूप दिसते, ‘कायमचे स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि यादीतून नाव जाते. ग्रामसभेत हरकत घ्यायला माणूस गावात असतोच कुठे? मानधनाची यादी सरकारकडेच आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात आणि कलावंतांच्या घरांची पाहणी आषाढ-श्रावणात करावी. याला एक पैसा लागत नाही.

जागेचे त्रांगडे वेगळे. घरकुलासाठी नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) लागतो आणि तो पुष्कळदा मयत बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या नावावर असतो. वारसनोंद आधी उरकावी, अर्ज नंतर. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून घर असेल तर ते नियमित करता येते, पण तेव्हापासूनचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणून घरपट्टीची जुनी पावती, वीजबिल, मतदारयादीतले नाव, जे असेल ते जपून ठेवावे. जागाच नसलेल्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मदत मिळते. तालुक्याच्या गावी एवढ्यात प्लॉट मिळणे मात्र अवघडच.

मग पैसा. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार. कागदावर हिशेब बसतो. पण पहिला हप्ता १५ हजारांचा, आणि दुसरा जोत्याचा फोटो चढल्याशिवाय सुटत नाही. तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे ठरलेले. तेवढे खोदकाम आणि मुरुमाची भर १५ हजारांत होत नाही. शिवाय ती मजुरी स्वतः काम करणाऱ्याची, सत्तरीच्या माणसाला माती वाहवत नाही. त्यामुळे जोते अर्धे आणि हप्ता अडकलेला, अशी घरे राहून जातात. पहिला हप्ता निदान जोत्याच्या खर्चाइतका हवा.

म्हाडाच्या सोडतीत कलाकारांसाठी २ टक्के घरे राखीव असतात. म्हणजे पन्नासात एक. आणि ५ हजारांच्या मानधनावर बँक कर्ज देईल, ही आशाच नको.

ज्यांना मागेपुढे कोणी नाही, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्री कलावंत, त्यांच्यासाठी मालकीचे घरकुल हे आमच्या मते उत्तरच नाही. घर नगरपालिकेचे राहावे, कलावंताला हयातभर राहण्याचा हक्क मिळावा, नाममात्र भाडे मानधनातून कापावे आणि पुढे ते घर दुसऱ्या कलावंताला जावे. विमुक्त-भटक्यांच्या मुक्त वसाहत योजनेत २६९ चौरस फुटांचे घर मिळतेच, तोच नमुना घेता येईल. अडचण एवढीच की योजना जातवार आहेत: रमाई अनुसूचित जातींसाठी, शबरी आदिवासींसाठी. फडात मात्र सगळे एकाच राहुटीत जेवतात. कलावंत म्हणून वेगळा प्रवर्ग काढल्याशिवाय एकत्र वसाहत उभी राहणार नाही.

बांधताना खोल्या तळमजल्यावरच असाव्यात, उंबरा नको, संडास घरातच, कमोडशेजारी धरायला दांडा. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पत्रा अजिबात नको. स्लॅबवरही दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात हवा. एक सामायिक कोरडी खोली वाद्यांसाठी ठेवावी. ओलीत ढोलकीचे चामडे उतरते आणि पेटीचा भाता कुबट होऊन फाटतो. सामान ठेवायला माळा काढू नये, म्हाताऱ्या माणसाने चढायचे कसे?

तिन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांनी मानधनाची यादी ज्येष्ठ महिन्यातच पंचायत समित्यांकडे पाठवावी. त्यानंतर दसऱ्यापर्यंत जेमतेम चार महिने हाती उरतात.

आपले,
लोककलावंतांच्या कागदपत्रांचे काम पाहणारे काही कार्यकर्ते,
पाचोरा, जि. जळगाव