सात वर्षांत छत पडलं, जबाबदार कोण?

मा. गृहनिर्माणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या सासूबाई बेडरूममध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. छताचा परातीएवढा तुकडा त्यांच्या खांद्यावर पडला. वय ७४, सात टाके. मी धावत गेले तेव्हा मेथीवर सिमेंटचा चुरा होता आणि वर गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. बोट लावलं की पापुद्रे गळत होते.

सिंहगड रस्त्यावरच्या या फ्लॅटचा ताबा आम्हाला २०१८ च्या दसऱ्याला मिळाला. कर्जाचे हप्ते अजून तेरा वर्षं आहेत.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १४(३) मला आता पाठ झालंय. ताब्यापासून ५ वर्षांत दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये ओल दिसली तेव्हाच आम्ही लेखी कळवलं, पोच आहे. माणसं आली, वरच्या बाथरूमच्या फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं, आमच्या छताला पुट्टी मारली, फोटो काढले आणि गेली. आता उत्तर मिळतं, "मॅडम, पाच वर्षं संपली." बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार वॉटरप्रूफिंगवाल्याकडे. अहो, मी पैसे बिल्डरला मोजलेत! ठेकेदाराचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

सोसायटीने बोलावलेल्या इंजिनिअरने मोजून दाखवलं. स्लॅबच्या सळईखाली साधारण २० मिलिमीटर काँक्रीट हवं, आमच्याकडे जेमतेम ८. स्लॅब भरला त्याच दिवशी ही चूक झाली, दिसायला ताब्यानंतर सात वर्षं लागली. मग मुदत ताब्यापासून का मोजता?

सरकार स्वतःचं काम देतं तेव्हा दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत अडकवून ठेवतं. आमच्या घरांसाठी असं काहीच नाही. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के रकमेचं वेगळं खातं असतं, तेही काम पुढे सरकेल तसं काढून घेता येतं. रेराकडून भरपाईचा आदेश मिळवला तरी वसुलीसाठी पुन्हा जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. भोगवटा पत्रापर्यंत, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी मिळेपर्यंत, किती जणांच्या सह्या होतात! त्यातल्या एकालाही आज कुणी जाब विचारत नाही. २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जीव गेले. त्यानंतरही आम्ही दर पावसाळ्यात भिंतींकडे आणि छतांकडे बघतच जगतोय.

कायदा केंद्राचा आहे, ठाऊक आहे. पण त्याखालचे नियम राज्य सरकार बनवतं. भोगवटा पत्राआधी बिल्डरची अनामत ठेवून घ्या, ती दहा वर्षं सोडू नका. मुदतीत तक्रार केलेला दोष पुट्टी मारून मिटला असं धरू नका, आणि केंद्राकडे मुदत वाढवून मागा.

सासूबाईंची कॉट हॉलमध्ये आणली आहे. बेडरूममध्ये लोखंडी टेकू उभे आहेत, त्यांचं भाडंही आम्हीच भरतोय.

आपली,
एक सदनिकाधारक, पुणे