नानांचा कोपरा मोकळा ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था,
सहकारनगर, पुणे

विषय : यंदाच्या गणेशोत्सवातले कार्यक्रम रद्द करण्याचा व मागच्या कोपऱ्यात बाक बसवण्याचा निर्णय बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारी लावलेली नोटीस वाचली. नानांच्या निधनामुळे यंदा सोसायटीत फक्त सकाळ-संध्याकाळची आरती होईल, करमणुकीचा एकही कार्यक्रम होणार नाही, आणि त्यातून वाचलेल्या पैशांत मागच्या पार्किंगच्या कोपऱ्यात नानांच्या नावाचा ग्रॅनाइटचा बाक बसवला जाईल, असं तिच्यात म्हटलं आहे. समितीने हे नानांवरच्या मायेपोटीच ठरवलं आहे. वैकुंठ स्मशानभूमीतून सगळे परतले तरी तुम्ही त्यांच्या मुलाबरोबर मागे थांबला होतात, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही हे दोन्ही निर्णय बदलावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समितीत यंदा काही सभासद नवे आहेत. त्यांनी नानांना पाहिलं ते निवृत्तीनंतर, हातात फळ्याचा खडू घेतलेले, सगळ्यांना थांबवून काहीतरी सांगणारे आजोबा म्हणून. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

नानांची नोकरी मुंबईत, फोर्टातल्या ऑफिसात. त्यांच्या आई पुणं सोडायला तयार नव्हत्या, मुलांची शाळा इथली, म्हणून नानांनी मुंबईत घर केलं नाही. डेक्कन क्वीनचा पास काढला आणि निवृत्त होईपर्यंत काढतच राहिले. सकाळी सव्वासातला पुण्याहून गाडी, संध्याकाळी पाच दहाला मुंबईहून परत, साडेआठच्या सुमारास पुणे स्टेशन, मग बस, की नाना नऊच्या पुढे घरी. इतका प्रवास करून आलेला माणूस जेवून आडवा होईल, असंच कोणालाही वाटेल. पण समोरच्या दारातून रोज रात्री आम्हाला ऐकू यायचं ते पत्ते पिसण्याचं आवाजी प्रकरण आणि मुलांचा आरडाओरडा. भिकार-सावकारचा एक डाव झाल्याशिवाय त्या घरात दिवा मालवला जात नसे. काकू रागावायच्या, उद्या शाळा आहे म्हणायच्या, आणि मग स्वतःच बदाम सातला बसायच्या. मुलगी एकदा मला म्हणाली, "बाबा दिवसभर नसतात असं मला कधी वाटलंच नाही." बापाने मुलांना वेळ देण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. नानांकडे रोज जेमतेम तासभर असायचा, आणि तो तास ते सगळाच्या सगळा देऊन टाकायचे.

डेक्कन क्वीन 1 जून 1930 रोजी सुरू झाली. दर 1 जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी तिचा वाढदिवस साजरा करतात, केक कापतात. नाना निवृत्त झाल्यावरही तिथे जायचे, आणि जाताना बिल्डिंगमधली जी पोरं अंथरुणातून उठतील त्यांना घेऊन जायचे. माझा मुलगा त्यांतलाच. सुट्टीत दहा वाजेपर्यंत लोळणारा मुलगा त्या दिवशी पहाटे आंघोळ करून दारात उभा असायचा.

आता एक गोष्ट सांगते, ती समितीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, कारण नाना ती क्वचितच सांगायचे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नाना सात वर्षांचे होते. घर नारायण पेठेतल्या एका वाड्यात. आईचा हात धरून ते पर्वतीवर गेले आणि वरून त्यांनी पाण्याखाली गेलेलं पुणं पाहिलं. वाडा मातीत बसला. भांडी, अंथरुणं, आजीचे देव, सगळं गेलं. काही दिवस शाळेच्या वर्गात आणि मग निसेन हटमध्ये, त्या अर्ध्या नळकांड्यासारख्या पत्र्याच्या घरांत, त्यांचं बिऱ्हाड होतं. गणपती दोन महिन्यांवर आले होते. शेजारच्या बायकांनी सुचवलं, यंदा राहू द्या, घरात दाणा नाही, कोणाला उत्साह आहे? त्यावर नानांचे वडील वीतभर मूर्ती घेऊन आले, आणि उसन्या तांदळाच्या पिठीचे मोदक झाले. नाना म्हणायचे, "त्या वर्षी आरतीला आमच्या पत्र्याखाली जेवढी माणसं जमली, तेवढी वाड्यात कधी जमली नव्हती." पुरात ज्यांची माणसं गेली होती तेही आले होते.

नोटीस वाचल्यावर मला पहिल्यांदा हेच आठवलं. आपण नानांसाठी म्हणून जे करायला निघालो आहोत, ते त्यांच्या वडिलांनी घर वाहून गेलेल्या वर्षीही केलं नव्हतं.

नानांच्या विनोदाबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. पुणेरी पाट्या बोचऱ्या म्हणून प्रसिद्ध आहेत. नाना सोसायटीचा फळा लिहायला लागल्यापासून आपल्याकडची पाटी वाचून कोणाला टोचलं, असं झालं नाही. महापालिकेचं गुरुवारचं पाणी बंद असलं की ते उखाणा लिहायचे. त्यातला हा एक मी उतरवून ठेवला होता :

बुधवारी भरा बादल्या, गुरुवारी नळाला सुट्टी,
सौ.चं नाव घेतो, नाहीतर होईल कट्टी.

खालचा वॉचमन हा उखाणा पाठ म्हणायचा, आणि पाणी कधी बंद हे विचारायला कोणी ऑफिसात जायचं नाही. गच्चीच्या गळतीवरून वरच्या आणि खालच्या मजल्यावरची दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, तेव्हा समितीच्या दोन सभा वाया गेल्या होत्या. नानांनी दोघांना रविवारी चहाला बोलावलं. दोघांना एकमेकांबद्दल सांगितलंच नाही. मग मेंढीकोटला मुद्दाम भिडू म्हणून समोरासमोर बसवलं. मेंढीकोटात भिडूशी खुणेने तरी बोलावंच लागतं. संध्याकाळपर्यंत खर्च अर्धा-अर्धा ठरला होता. तुम्ही त्या वेळी सेक्रेटरी होतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता कोपऱ्याबद्दल, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

जांभळाच्या झाडाखालचा तो कोपरा नकाशात रिकामा दिसतो. दिवाळीत तिथे किल्ला होतो. पुण्यात पोरं सगळीकडेच किल्ले करतात, पण नानांची अट वेगळी होती : जो किल्ला पाहिला नाही तो करायचा नाही. म्हणजे दिवाळीच्या आधी पोरांना घेऊन तो चढायचा, वहीत काढायचा, पावलांनी मोजायचा, आणि मग गोणपाट, विटा, चिखल घेऊन बसायचं. राजगड केला त्या वर्षी बालेकिल्ला मधोमध आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीनही माच्या जागच्या जागी होत्या. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी चिखलात टिकेना, दोनदा ढासळली. नानांनी पोरांना पुठ्ठा लावू दिला नाही. "महाराजांनी पुठ्ठा लावला होता का?" असं म्हणून तिसऱ्यांदा बांधायला लावली. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, करायला काकूंची काचेची बांगडी चिखलात बसवली, आणि त्यातून पलीकडचं दिसतं का हे बघायला आम्ही सगळ्या बायका जमिनीवर वाकलो होतो. सिंधुदुर्गच्या वर्षी प्लास्टिक अंथरून समुद्र केला. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून यायचे, उतारावर अळीव पेरला जायचा, आणि तो उगवला की नाही हे बघायला पोरं शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट कोपऱ्यात पळायची.

गेल्या वर्षी जुलैत राजगड, सिंधुदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. नाना पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरले. "आपल्या पार्किंगमध्ये दोन्ही आधीच नोंदलेले आहेत," असं प्रत्येक घरी सांगत होते. तेव्हा त्यांना जिना चढताना दम लागत होता. तरी लिफ्टने वर गेले आणि प्रत्येक मजल्यावर थांबले.

त्या कोपऱ्यात ग्रॅनाइटचा बाक बसला तर किल्ला कुठे होणार? दुसरीकडे सगळीकडे गाड्या आहेत. बाकावर नाव कोरलेलं राहील आणि नावामागचं काम बंद पडेल. आणि खरं सांगायचं तर आपल्या आवारात बाक आहेत, त्यांवर बसायला माणसं कमी पडतात.

गणपतीतल्या कार्यक्रमांचंही तसंच. हौजीचे आकडे नाना कसे पुकारायचे ते जुन्या सभासदांना पाठ आहे. तीस आला की "शिवाजी महाराज आणि डेक्कन क्वीन, दोघांचा जन्म!" कारण एक 1630 चा, दुसरा 1930 चा. साठला "मंगलकलश आला", म्हणजे महाराष्ट्र राज्य. अडुसष्टला "बालगंधर्वचा पडदा उघडला", कारण ते नाट्यगृह 1968 चं. चौऱ्याहत्तरला सगळी पोरं एकदम "राज्याभिषेक!" ओरडायची. त्र्याऐंशीला कपिल देव. माझ्या मुलाला इतिहासातले सन शाळेत कधी लक्षात राहिले नाहीत, पण हौजीतले आजही राहिले आहेत. परगावी शिकणारी बिल्डिंगमधली मुलं गणपतीला येतात ती याच संध्याकाळसाठी.

हे पत्र लिहिण्याआधी मी काकूंशी बोलले. त्यांच्या परवानगीशिवाय यातलं काही लिहिणं मला योग्य वाटलं नसतं. त्यांच्या घरी यंदा सण नाही, आणि तो त्यांचा प्रश्न आहे. पण सोसायटीच्या कार्यक्रमाबद्दल त्या स्पष्ट बोलल्या : "खाली माइक लागला नाही तर मला वर बसवणार नाही. मी येईन की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही, पण आवाज वरपर्यंत येऊ दे." मग त्यांनी कपाटातून दोन गोष्टी काढून दिल्या. एक, शाडूच्या मूर्तीच्या नोंदणीची पावती. ॲडमिट होण्याच्या आधीच नाना जाऊन सोसायटीसाठी मूर्ती सांगून आले होते आणि आगाऊ रक्कमही भरून आले होते. दुसरी, हौजीची वही. त्यात आकड्यांपुढे नानांच्या अक्षरात पुकारे लिहिले आहेत, काही खोडून पुन्हा लिहिलेले. अजून बरेच आकडे कोरे आहेत.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. कार्यक्रम दरवर्षीप्रमाणे व्हावेत. पहिल्या दिवशी आरतीनंतर नानांना आदरांजली वाहावी, ज्यांना बोलायचं आहे त्यांना बोलू द्यावं, आणि त्यात हसू आलं तर कोणी कोणाला गप्प करू नये. हौजी पुकारायला तिसऱ्या मजल्यावरची बारावीतली मुलगी तयार आहे. ती लहानपणापासून नानांच्या शेजारी बसून सोंगट्या काढायची. कोरे आकडे पोरांनी भरावेत. कोपरा मोकळा राहावा, आणि बाकाचे पैसे दिवाळीआधी पोरांना किल्ला दाखवायला नेणाऱ्या गाडीच्या भाड्यासाठी ठेवावेत. यंदा पुरंदर करायचा असं नानांनी पोरांना कबूल केलं होतं. सोबत मोठी माणसं लागतील. मी आणि माझे यजमान जाऊ, अजून दोन घरांनी होकार दिला आहे.

आणखी एक बाब, थोडी वेगळी. सदनिका नानांच्या नावावर आहे आणि नामनिर्देशन काकूंच्या नावाने केलेलं आहे. आदर्श उपविधींनुसार नामनिर्देशित व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत सभासदत्वासाठी अर्ज करायचा असतो, आणि अशा हस्तांतरासाठी अधिमूल्य (प्रीमियम) घेता येत नाही. काकूंना हे कागद कळत नाहीत असं नाही, पण सध्या त्या कुठल्याच कागदाला हात लावत नाहीत. सेक्रेटरींनी अर्जाचे नमुने घेऊन स्वतः त्यांच्या घरी जावं, मुलगी पुढच्या महिन्यात येईल तेव्हा ती असताना भरून घ्यावेत. ऑफिसात या, असा निरोप त्यांना पाठवू नये. सोसायटीतल्या निम्म्या घरांचे असे अर्ज नानांनीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरून दिले आहेत.

मूर्ती आणायला यंदा कोण जाणार हेही ठरवावं लागेल. पावतीवर दिलेली तारीख चतुर्थीच्या आदल्या दिवसाची आहे. येत्या रविवारच्या समितीसभेत हे पत्र वाचून दाखवावं. मी हजर राहीन आणि काही प्रश्न असतील तर उत्तरं देईन.

आपली,
नानांच्या समोरच्या सदनिकेतली सभासद

सोबत : मूर्तीच्या नोंदणीची पावती, हौजीच्या वहीची झेरॉक्स (मूळ वही काकूंकडे आहे)