ॲम्पचे आयसी बदलण्याआधी मागचा जॅक पाहा

संपादक महोदय,

जुना सॉलिड-स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) गिटार ॲम्प विकत घेतला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘आतले आयसी (चिप) बदल, आवाज खुलेल.’ हा क्रम उलटा आहे. अशा ॲम्पची बहुतेक दुखणी जॅक, सोल्डर आणि सुकलेल्या कंडेन्सरमध्ये असतात, आणि आवाजातला ऐकू येईल असा फरक स्पीकर पाडतो. आयसी बदलून बऱ्याचदा चालता ॲम्प बिघडतो.

सर्वात फसवा दोष हा: वाजवता वाजवता आवाज एकदम बसतो आणि कॅबिनेटवर थाप मारली की परत येतो. पॉवर ट्रान्झिस्टर गेला असे समजून लगेच बोर्ड उघडला जातो. मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे (बाहेरचे इफेक्ट जोडण्याचे) जॅक असतील तर आधी एका आखूड केबलने ते एकमेकांना जोडावेत. रिटर्नच्या जॅकमध्ये एक पातळ पत्ती असते. त्यात काही खोचलेले नसताना प्रीॲम्पचा (ॲम्पच्या पहिल्या भागाचा) सिग्नल या पत्तीवरूनच पुढे जातो. हा जॅक वर्षानुवर्षे कुणी वापरत नाही, पत्ती काळी पडते आणि सिग्नल अडतो. केबल जोडताच आवाज पूर्ववत झाला तर निदान झाले. बंद ॲम्पवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारून प्लग वीसेक वेळा आत-बाहेर करावा. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमलाही हाच उपाय.

ॲम्प उघडायचाच असेल तर प्लग काढून मुख्य फिल्टर कंडेन्सर आधी रिकामे करावेत. ते साधारण २२०० ते ४७०० मायक्रोफॅरडचे असतात आणि बंद ॲम्पमध्येही चार्ज धरून ठेवतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर प्रत्येक कंडेन्सरवर अर्धा मिनिट धरावा आणि १ व्होल्टपेक्षा कमी उरल्याची मीटरने खात्री करावी.

मग भिंग आणि तिरपा उजेड घेऊन सोल्डरची बाजू पाहावी. इनपुट जॅक थेट बोर्डावर बसवलेला असेल तर केबलचा प्रत्येक हिसका त्याच्या पिनांना बसतो आणि पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. तशीच चीर पॉट्स (व्हॉल्यूम-टोनची बटणे), पॉवर ट्रान्झिस्टरचे पाय आणि पांढरे सिरॅमिक रेझिस्टर यांच्याखाली सापडते. अशा ड्राय (तडकलेल्या) सोल्डरवर नुसते गरम सोल्डरिंग आयर्नचे टोक टेकवले तर ते थोडे दिवस टिकते. जुने सोल्डर पंपाने ओढून नवे भरावे.

बोर्डावर तपकिरी डाग दिसला तर तो बहुधा झेनर डायोडजवळ (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या डायोडजवळ) असतो. बऱ्याच ॲम्पमध्ये आयसींचे अधिक-उणे १५ व्होल्ट असे झेनर आणि एकेका रेझिस्टरवर काढलेले असतात, आणि हे भाग सतत तापतात. आठ पायांच्या ड्युअल ऑप-ॲम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीवर) पिन ८ ला अधिक आणि पिन ४ ला उणे व्होल्टेज मोजावे. एक बाजू गायब असेल तर दोष झेनर, त्याचा रेझिस्टर किंवा तिथल्या सोल्डरमध्ये शोधावा. नवा रेझिस्टर बोर्डापासून ५ मिलिमीटर उंच बसवावा.

आयसी बदलण्याचा सल्ला इथेच अंगलट येतो. टीएल०७२ हा अशा ॲम्पमधला ऑप-ॲम्प साधारण ३ मिलिॲम्पिअर खातो, त्याच्या जागी घातला जाणारा एनई५५३२ सुमारे ८. चार आयसी बदलले की २० मिलिॲम्पिअरचा जादा भार पडतो आणि झेनरचा पुरवठा १५ व्होल्टच्या खाली बसतो. शिवाय एनई५५३२ चा इनपुट बायस करंट (इनपुटच्या पायातून सतत वाहणारा बारीक करंट) साधारण २०० नॅनोॲम्पिअर आहे. गिटारच्या पहिल्या टप्प्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ०.२ व्होल्ट डीसी उभा राहतो. टीएल०७२ मध्ये तो नगण्य असतो. कमी गोंगाटाचा म्हणून नावाजलेला आयसी या जागी मुळात चुकीचा आहे.

ॲम्प पूर्ण मेलेला असेल तर तो सिरीज बल्बवर (मेन्सच्या तारेत मध्ये जोडलेल्या बल्बवर) चालू करावा. बल्ब ६० ते १०० वॅटचा आणि तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर काढून ठेवावा. स्पीकरशिवाय चालवणे व्हॉल्व्हच्या ॲम्पला चालत नाही, सॉलिड-स्टेटला चालते. आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. तिथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे, आणि स्पीकर जोडला तर त्याची कॉइल जळेल. एकच ट्रान्झिस्टर बदलून थांबू नये. जोडीदार, ड्रायव्हर आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचे एमिटर रेझिस्टर तपासावेत. नाहीतर नवा ट्रान्झिस्टर पहिल्याच मिनिटात जातो. जिथे मायका (वीज अडवणारी पातळ चकती) होता तिथे तो परत घालावा आणि बॉडी व हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटी नाही ना, हे पाहावे.

घूं असा आवाज व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तसाच राहत असेल तर संशय फिल्टर कंडेन्सरवर. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे घ्यावेत आणि ध्रुव जपावेत.

एवढे झाले की मग सुधारणा. मूळ स्पीकर ९४ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॅटला किती मोठा वाजतो, त्याचे माप) असेल आणि जागी सेलेस्टियन व्हिंटेज ३० सारखा १०० डेसिबलचा बसवला, तर त्याच ॲम्पमधून चौपट वॅटचा आवाज निघाल्यासारखे होते. ओहम मात्र ॲम्पवर लिहिलेल्यापेक्षा कमी नकोत. आणखी एक खाच: अनेक ॲम्पमध्ये स्पीकरची उणे तार एका छोट्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जाते. तिच्यावरून करंटचा फीडबॅक घेतलेला असतो. ती थेट चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडली की आवाज सपाट, निर्जीव होतो आणि दोष नव्या स्पीकरला दिला जातो. डिस्टॉर्शन फार घट्ट वाटत असेल तर ग्राउंडकडे जाणाऱ्या १एन४१४८ डायोडच्या जोडीऐवजी लाल एलईडी लावून पाहावेत. क्लिपिंग (सिग्नलची टोके कापली जाणे) ०.६ ऐवजी साधारण १.७ व्होल्टवर होते, आवाज मोठा आणि मोकळा येतो.

घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा प्रकार मात्र सरळ जीवघेणा आहे. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून चासीला जोडलेल्या असतात. आत मेन्सची तार सुटून चासीला टेकली तर तो विजेचा दाब वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येतो. जुना ॲम्प पहिल्यांदा चालू करण्याआधी मीटरचे एक टोक प्लगच्या अर्थ पिनवर आणि दुसरे चासीच्या उघड्या स्क्रूवर ठेवावे. आकडा १ ओहमच्या आत नसेल तर आधी वायर बदलावी.

– वाद्यांचे ॲम्प दुरुस्त करणारा एक वाचक