सुवेझ उघडला, पण मुंबईत गोदी कुठे होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मुंबई बंदरावरचा लेख वाचला. मेहनत घेतलीय लेखकाने, वाद नाही. पण 1869 ला सुवेझ कालवा सुरू झाला आणि आगबोटी मुंबईच्या गोदीत येऊन माल उतरवायला लागल्या, असं जे त्यात म्हटलंय ते काही पटलं नाही, कारण त्या वर्षी मुंबईत मालाच्या मोठ्या बोटीला लागायला गोदीच नव्हती. सहा वर्षं उशिरा झाली ती.

गोंधळ होतो तो जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या गोदीमुळे. ती होतीच, अगदी अठराव्या शतकापासून, पण ती कोरडी गोदी, म्हणजे जहाज आत घ्यायचं, पाणी काढायचं आणि बांधणी-दुरुस्ती करायची. मलबारच्या सागवानाची जहाजं तिथे बांधली जायची आणि काय जहाजं हो! 1817 मध्ये पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. 1813 च्या कॉर्नवॉलिसवर तर 1842 ला चीनशी नानकिंगचा तह झाला. (तो तह ज्या अफूच्या युद्धानंतर झाला त्यातली माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जायची आणि आपले बडे शेटजी त्यावर गब्बर झाले, हे मात्र अशा लेखांत सहसा येत नाही, असो.) सांगायचं इतकंच की तिथे जहाजं जन्माला यायची, कापसाच्या गासड्या उतरत-चढत नव्हत्या.

मग माल चढायचा कसा? जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहायचं. किनाऱ्यावर बंदरं, म्हणजे लहान धक्के होते, कर्नाक बंदर, मस्जिद बंदर, चिंच बंदर, अपोलो बंदर, आता यातली बरीच फक्त नावालाच उरलीत. तिथून हमाल पाठीवर गासडी घेऊन पडावात किंवा मचव्यात, म्हणजे छोट्या होडीत टाकणार, मचवा भरला की वल्ही मारत नाहीतर शीड लावून जहाजापर्यंत जाणार, तिथे खलाशी दोराने एकेक गासडी वर ओढणार. आणि हे सगळं भरतीच्या वेळेत बसवायचं, कारण मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो, ओहोटी लागली की बंदराला लागलेला मचवा सरळ चिखलात बसतो आणि मग काय, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, विडी ओढत पुढच्या भरतीची वाट बघणार. पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत उघड्या दर्यावर शिडाच्या होड्या घालायची सोयच नाही.

शिडाच्या जहाजांना हे चालून गेलं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून यायलाच चार-चार महिने, त्यात आठवडाभर इथे जास्त गेला तर कोण विचारतो. आगबोटीचं गणित वेगळं. ती उभी असली तरी खर्च चालूच, आणि कालव्यामुळे लंडन-मुंबई अंतर चार हजार मैलांहून जास्त कमी झालं, मग समुद्रात वाचवलेले दिवस मुंबईत मचव्यांची वाट बघण्यात घालवायचे का, हा प्रश्न 1869 नंतर खरा उभा राहिला.

बरं, गोदी आधी का नाही बांधली? पैसा नव्हता असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 65, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्यातून समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, त्यातल्या बॅक बे कंपनीचे शेअर तर लोकांनी डोळे मिटून घेतले. युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि 1 जुलै 1865 ला सगळा डोलारा कोसळला, प्रेमचंद रायचंदसारखे बडे दलालसुद्धा त्यात बुडाले. माझ्या मते यातला बंदराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे, तो म्हणजे पूर्वेकडचा मोक्याचा किनारा एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी आणि तिच्यासारख्या खासगी मालकांच्या हातात गेला. किनारा ज्याचा, धक्का त्याचा, दर त्याचा. सरकारला ती कंपनी शेवटी विकत घ्यावी लागली आणि त्यानंतर 1873 ला बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट आला. म्हणजे आपण ज्याला ब्रिटिशांचं दूरदृष्टीचं नियोजन म्हणतो ते बरंचसं हातचं गेलेलं परत घेणं होतं.

त्यातही मालाची पहिली गोदी सरकारची नाहीच. 1875 ला कुलाब्यात ससून डॉक झाला तो व्यापारी अल्बर्ट ससून यांच्या पैशाने, आणि कुलाब्यातच का, तर कापसाचा बाजार तेव्हा तिथे भरायचा. पोर्ट ट्रस्टने तो चार वर्षांनी विकत घेतला. स्वतःचा प्रिन्सेस डॉक 1880 ला, व्हिक्टोरिया डॉक 1888 ला. अशा गोद्यांना दरवाजे असतात, भरतीला जहाज आत घेऊन दरवाजा लावला की बाहेर ओहोटी असो काही असो, आत पाणी तेवढंच. आगबोट धक्क्याला लागून उभी, मधला मचवा गेला. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली बुडालेलं जंगल सापडलं होतं, खैराची झाडं, काही तर उभीच्या उभी! यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा खरं तर.

मचवेवाले लगेच संपले असं नाही. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडचा माल, लाकूड, कौलं, नारळ जुन्या बंदरांवर पुढेही बरीच वर्षं येत राहिला. पण परदेशी जहाजांवरचं त्यांचं काम गेलं, आणि शंभरेक वर्षं मुंबईचा अख्खा व्यापार ज्यांच्या वल्ह्यांवर चालला त्या तांडेल-खलाशांबद्दल तुमच्या पानभर लेखात एक ओळ नाही. ससून आहेत, वाडिया आहेत, गव्हर्नर तर तीन आहेत.

आणखी एक, लेखासोबतच्या फोटोखाली प्रिन्सेस डॉक, 1869 असं छापलंय. तो डॉक उघडला 1880 ला, आणि फोटोत तर धक्क्याला लागलेल्या बोटीसुद्धा दिसतायत. निदान वेब आवृत्तीत तरी ओळ बदला.

आपला,
एक नेहमीचा वाचक, मुंबई