माहितीपटात आमची भावंडं भांडणार कधी?

प्रति,
मा. मंत्री, माहिती व प्रसारण,
भारत सरकार.

महोदय,

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी शिक्षक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला साखर कारखान्याकडे जातं. मागे एका माहितीपटाची मंडळी आली होती. त्यांना भावंडांची हळवी गोष्ट हवी होती. थोरलीनं धाकट्याला कडेवर घेऊन बांधावरून चालायचं, असं ठरलं. धाकटा सहा वर्षांचा. कडेवर बसायची त्याला लाज वाटत होती. पायात नव्या चपला होत्या, त्या काढायला लावल्या. त्याच दिवशी त्यानं बहिणीच्या वहीची पानं फाडल्यामुळे दोघांचा अबोला होता, हे कुणी विचारलंच नाही. खरा माहितीपट तिथं होता.

पडद्यावर आमची पोरं दिसत नाहीत, अशी माझी तक्रार नाही. दिसतात, पण कायम सोसताना. दलित, भटके, आदिवासी घरांतली ताई म्हणजे छोटी आई, आणि भाऊ म्हणजे तिच्या कडेवरचं ओझं. हेवेदावे, खोड्या, आईनं कुणाला जास्त वाढलं यावरून होणारी रडारड, हे सगळं जणू सुखवस्तू घरांसाठी राखीव. शहरातला दिग्दर्शक स्वतःच्या भावंडांवर माहितीपट करायला बसला, की कपाटातून वाढदिवसाच्या कॅसेटी निघतात. आमच्याकडे निघाला तर शाळेचा ग्रुप फोटो.

भावंडांचं नातं आठ दिवसांच्या शूटिंगला सापडत नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत थोरलं आजीपाशी राहून शाळा करतं, कुठं हंगामी वसतिगृहाचा आधार असतो. धाकटं आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी; मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात पोरं नसतातच. हंगाम संपून सगळे परतले, की धाकटं कोल्हापूरकडची बोली उचलून आलेलं असतं आणि थोरली त्याला त्यावरून चिडवून चिडवून रडवते. हे टिपायला कॅमेरा उन्हाळ्यात गावात हवा. माहितीपटवाले येतात ते फडावर, थंडीत.

आता तर मोबाइल घरोघरी आहे. वसतिगृहातली पोरगी कोपीवरच्या भावाला व्हिडिओ पाठवते, तो तोंड वेंगाडून उत्तर पाठवतो. हेच आमचं फुटेज, आणि मेमरी भरली की तेही पुसलं जातं.

सरकारी माहितीपट करणारी फिल्म्स डिव्हिजन 1948 साली सुरू झाली, मुलांचे चित्रपट करणारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी 1955 साली. 2022 मध्ये आपल्या सरकारनं दोन्हींचं काम एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवलं. विलीनीकरण बरं की वाईट, हा वाद मी इथं घालत नाही. पण माहितीपट आणि मुलं एका छताखाली आलीच आहेत, तर याच घरांतून शिकून वर आलेल्या पोरापोरींना स्वतःच्या भावंडांवर माहितीपट करायला पैसा द्या. किमान दोन हंगामांचा, आणि पहिला हप्ता शूटिंगआधी. अर्ज मराठीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, भिलीत चालावा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवलेलाही. मोबाइलवरचं चित्रण दर्जाचं कारण काढून नाकारू नये.

आणि मुलांचंही बघा. बालमजुरी कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार चित्रीकरणात मुलांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्यांच्या कमाईतले किमान 20 टक्के त्यांच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात. माहितीपटात मुलांना बहुधा काहीच मिळत नाही. शून्याचे 20 टक्के किती, हे माझी तिसरीतली पोरंही सांगतील. सरकारी पैशातून होणाऱ्या माहितीपटात तरी मानधनाची अट घाला. अंतिम संकलनाआधी तो त्या भावंडांना दाखवावा आणि नको म्हणतील तो प्रसंग काढावा, हेही करारात लिहून घ्या. सही फक्त बापाची नको; मुलं जाणती झाल्यावर त्यांना पुन्हा विचारायची सोय ठेवा.

मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो. पुढच्या खेपेआधी या योजनेची जाहिरात निघाली, तर आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या दोघी-तिघी अर्ज करतील, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक