औषध कंपन्यांचे एमएसएल डॉक्टरांकडून काय घेऊन जातात? केंद्रीय रसायने व खते मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातून लिहितोय. बरीच वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून बॅग घेऊन फिरलो, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट सगळं पालथं घातलं, आता स्टॉकिस्टचं काम बघतो. तुमच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ ला यूसीपीएमपी कोड, म्हणजे औषध कंपन्यांनी मार्केटिंग कसं करायचं याची नियमावली आणली, गिफ्ट बंद, ब्रँडचं नाव असलेली वस्तू १००० रुपयांच्या आत, सँपलवर मर्यादा. बरं झालं, आम्हालाही ते पंखे आणि मिक्सर वाहून नेण्याचा कंटाळा आला होता. पण साहेब, हा कोड मुख्यतः एकाच बाजूने बघतो, कंपनीकडून डॉक्टरकडे काय गेलं ते. डॉक्टरकडून कंपनीकडे काय जातं ते कुणी बघत नाही, आणि आजकाल महागडा माल त्याच बाजूने जातोय.

एमएसएल म्हणजे मेडिकल सायन्स लायझन, डॉक्टरांशी औषधामागच्या सायन्सवर बोलणारा कंपनीचा माणूस. एमबीबीएस, फार्म-डी, पीएचडी झालेली पोरं-पोरी असतात, सकाळच्या गाडीने पुण्या-मुंबईहून येतात, मोठ्या डॉक्टरांना भेटतात. सेल्सचं टार्गेट नाही, ब्रँडचा प्रचार करायचा नाही, फक्त सायन्स बोलायचं. अमेरिकेत अपजॉन कंपनीने १९६७ मध्ये ही पोस्ट काढली तेव्हा माणसं अनुभवी एमआरमधूनच निवडली होती (हे सांगताना कॉलर थोडी ताठ होते, असो). आणि काम फालतू नाही हां. किडनी कमजोर असलेल्या पेशंटला डोस किती, ट्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांचं काय झालं, हे नीट सांगणारं माणूस इथे लागतंच. सोलापुरात धाराशिवहून, पार कलबुर्गी-विजयपूरहून पेशंट येतात आणि डॉक्टरला जर्नल वाचायला रात्रीचे अकरा वाजतात.

पण भेट संपली की पुढे काय होतं ते डॉक्टरला माहीत नसतं. एमएसएल गाडीत बसतो, लॅपटॉप उघडतो आणि डॉक्टर काय बोलले ते सिस्टीममध्ये टाकतो, त्याला इनसाइट म्हणतात. काय ऐकून यायचं त्याची यादी बऱ्याचदा हेड ऑफिसने आधीच दिलेली असते, समोरच्या, म्हणजे स्पर्धक कंपनीच्या गोळीबद्दल डॉक्टरांचं मत काय, पेशंट ती मध्येच का सोडतात, नवीन औषध आलं तर कोण आधी लिहील. असे शेकडो शहरांतले तुकडे जोडले की कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सवाल्यांकडे, म्हणजे स्पर्धकांची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीच्या माणसांकडे, आख्खं चित्र तयार. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या डायबिटीसच्या औषधाचं पेटंट संपलं आणि एकदम ढीगभर ब्रँड मार्केटला आले, किमती धाडकन पडल्या, आता अशा वेळी कुठला डॉक्टर जुन्या ब्रँडवर राहणार आणि कोण हलणार ही माहिती आधी मिळाली तर तिची किंमत काय असेल तुम्हीच बघा. आणि डॉक्टरला वाटतं आपण चहा पिता पिता सायन्सच्या गप्पा मारल्या.

कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स म्हणजे चोरी असं मी म्हणत नाहीये. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत औषधांच्या ट्रायलची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, किती पेशंट घेणार, कुठल्या हॉस्पिटलात, इन्व्हेस्टिगेटर (ट्रायल करणारा डॉक्टर) कोण, सगळं उघड आहे, ते वाचा, कॉन्फरन्समधली पोस्टर वाचा. भानगड सुरू होते ती डॉक्टर स्वतः दुसऱ्या कंपनीच्या ट्रायलमध्ये असतो तेव्हा. त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते आणि समोरचा हुशार, गोड बोलणारा माणूस विचारतो, सर पेशंट मिळतायत ना, ड्रॉपआउट जास्त आहेत का. सर बोलून जातात. अडकला तर सर अडकणार.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. स्वतःच्या औषधाचा साइड इफेक्ट कानावर आला तर एमएसएलला कंपनीच्या सेफ्टी टीमला कळवावंच लागतं. पण समोरच्या कंपनीच्या गोळीने कुणाला चक्कर आली, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, तर ते कुठे जातं? बऱ्याचदा स्लाइडवर, समोरच्याचा वीक पॉइंट म्हणून. गाझियाबादला फार्माकोपिया कमिशनमध्ये साइड इफेक्टची माहिती गोळा करणारी सरकारी यंत्रणा आहे, १८००-१८०-३०२४ असा टोल फ्री नंबर आहे, तिथे ते पोचेलच याची खात्री कोण देणार?

आता पळवाट. कोडमध्ये एमआरच्या व्याख्येत प्रमोशनसाठी डॉक्टरांना भेटणारे कंपनीचे बाकीचे प्रतिनिधी पण धरलेत. एमएसएल म्हणतो मी प्रमोशन करतच नाही, झालं, सुटला. म्हणून नवीन कायदा वगैरे काही मागत नाही, विभागाने एक खुलासा काढावा. एमएसएलचं नाव कोडमध्ये स्पष्ट यावं. तुम्ही बोललेलं मी नोंदवून कंपनीला देणार आहे, हे त्याने डॉक्टरला आधीच सांगावं. दुसऱ्याच्या चालू ट्रायलची आतली माहिती विचारायलाच बंदी हवी. साइड इफेक्ट कुठल्याही कंपनीचा ऐकला तरी तो वरच्या नंबरला कळवायचाच. आणि त्याचा बोनस सेल्सच्या आकड्याला बांधलेला नसावा, हे कंपनीच्या प्रमुखाने दरवर्षी कोडखाली जे सेल्फ डिक्लरेशन द्यायचं असतं त्यातच लिहून द्यावं.

एक विनंती, हा खुलासा फक्त कंपन्यांच्या संघटनांना पाठवू नका, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या गावोगावच्या शाखांनाही पाठवा. सोलापूरच्या शाखेला मिळाला तर प्रिंट काढून ओपीडी-ओपीडीत मी स्वतः नेऊन देईन, रस्ते पाठ आहेत.

आपला,
सोलापूरचा एक जुना एमआर